सूचिचिकित्सा आणि मेंदू

सूचिचिकित्सा (ॲक्युपंक्चर) : शरीरावरील ठराविक बिंदूंत बारीक सुया टोचून रोगोपचार करण्याची चिनी पद्धती. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झालेल्या ह्वांग-दी नेइ-जिंग या ग्रंथात तिचे विवेचन आढळते. ‘ची’ ही जीवनशक्ती शरीरातील वाहिन्यांतून वाहते व तिला अवरोध झाल्यास रोग उद्‌भवतो, अशी तिची मूळ उपपत्ती आहे. तीत मेंदूला प्रमुख स्थान नव्हते. सुईच्या परिणामाचा शोध मेंदूत घेतला जाऊ लागला तो मुख्यतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

भारतातील प्रसार : जपानी आक्रमणास तोंड देणाऱ्या चीनच्या साहाय्यार्थ जवाहरलाल नेहरू यांच्या पुढाकाराने काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, नागपूरचे चोळकर व कलकत्त्याचे बिजयकुमार बसू हे होते. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच निधन पावले. त्या वेळी नेहरू अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) येथील किल्ल्यात स्थानबद्ध होते. सूचिचिकित्सेशी कोटणीसांचे नाव पुष्कळदा जोडले जाते. तथापि त्यांचे चीनमधील कार्य मुख्यतः शल्यचिकित्सेचे होते. ही पद्धती भारतात आणण्याचे श्रेय बसू यांना दिले जाते. त्यांनी चीनमध्ये तिचे शिक्षण घेऊन १९५९ मध्ये कलकत्त्यात उपचार सुरू केले.

वेदनाशमन व मेंदू : १९५८ पासून चीनमध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी वेदनाशमनार्थ सुयांचा उपयोग होऊ लागला. १९७१ मध्ये अमेरिकन पत्रकार जेम्स रेस्टन यांनी पेकिंगमधील आपल्या शस्त्रक्रियेनंतर घेतलेल्या या उपचाराचे वर्णन प्रसिद्ध केले व पाश्चात्त्य देशांत कुतूहल वाढले. पेकिंगमध्ये हान जी-शंग यांनी सुया टोचलेल्या सशाचे मस्तिष्क-मेरुद्रव दुसऱ्या सशाच्या मेंदूत सोडले, तेव्हा त्याचीही वेदना सहन करण्याची क्षमता वाढली. यावरून मेंदूत एखादे वेदनाशामक रासायनिक द्रव्य निर्माण होत असावे, असे अनुमान निघाले. १९७५ मध्ये मेंदूतील एन्केफॅलिन या अफूसदृश द्रव्याचा शोध लागल्याने त्यास बळकटी मिळाली. अफूजन्य औषधांचा परिणाम रोखणारे नॅलोक्सोन दिल्यास सुईचे वेदनाशमनही कमी होते, असे १९७६ मध्ये उंदरांवरील व १९७७ मध्ये माणसांवरील प्रयोगांत दिसले. मात्र माणसांवरील पुढील सर्व प्रयोगांत याला दुजोरा मिळाला नाही.

मूल्यमापन : सुईमुळे तंत्रिका उद्दीपित होऊन मेंदूत बदल घडतात, एवढ्यावरून विशिष्ट बिंदूंचे महत्त्व सिद्ध होत नाही. पायावरील बिंदू व मेंदूतील दृष्टिकेंद्र यांचा संबंध दाखविणारा १९९८ चा एक गाजलेला शोधनिबंध २००६ मध्ये त्याच्या लेखकांनी मागे घेतला. जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर झालेल्या व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शास्त्रोक्त सूचिचिकित्सेचा ४७.६ टक्के, मान्य बिंदू सोडून वरवर सुया टोचल्याचा ४४.२ टक्के, तर नेहमीच्या उपचारांचा २७.४ टक्के रुग्णांना लाभ झाला. म्हणजे आराम खरा असला, तरी त्यात बिंदूंच्या निवडीचा वाटा अल्प दिसतो. रुग्णाची अपेक्षा व चिकित्सकाचे सान्निध्य यांचाही मेंदूतील वेदनानियंत्रणावर परिणाम होत असल्याने हे घटक वेगळे करणे कठीण असते.

महाराष्ट्रात या चिकित्सेच्या नियमनासाठी २०१५ चा अधिनियम असून त्यात व्यावसायिकांच्या नोंदणीची तरतूद आहे. कायदेशीर मान्यतेने उपपत्तीची सत्यता मात्र ठरत नाही. वेदना ही बहुधा रोगाची सूचना असते. म्हणून निदान होण्यापूर्वी ती केवळ शमविणे रुग्णाच्या हिताचे नसते.