नॉर्मंडी युद्धस्थळांचे पर्यटन व निवास

फ्रान्सच्या वायव्य किनाऱ्यावरील नॉर्मंडी प्रदेशात दुसऱ्या महायुद्धातील रणक्षेत्रे, दफनभूमी, संग्रहालये व संरक्षक बांधकामे पाहण्यासाठी जगभरातून पर्यटक येतात. ही स्थळे किनाऱ्यालगत सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्यात विखुरलेली आहेत. त्यामुळे मुक्काम कोठे करावा, हा या प्रवासाच्या नियोजनातील मध्यवर्ती प्रश्न ठरतो. मुक्कामाच्या गावावर रोजचा प्रवास आणि खर्च अवलंबून असतो. युद्धाची कोणती बाजू अधिक जवळून पाहता येईल, हेही त्यावरून ठरते.

पार्श्वभूमी

६ जून १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांच्या सुमारे दीड लाख सैनिकांनी समुद्र व हवाई मार्गाने नॉर्मंडीत प्रवेश केला. पश्चिमेकडून पूर्वेकडे युटा, ओमाहा, गोल्ड, जुनो व स्वॉर्ड अशी उतरण्याच्या पाच किनाऱ्यांची सांकेतिक नावे होती. युटा व ओमाहा येथे अमेरिकी, गोल्ड व स्वॉर्ड येथे ब्रिटिश, तर जुनो येथे प्रामुख्याने कॅनडाचे सैन्य उतरले. त्यानंतरची लढाई ऑगस्टअखेरपर्यंत चालली. तीत सैनिकांबरोबरच नॉर्मंडीतील सुमारे २०,००० नागरिकही मृत्युमुखी पडले.

मुक्कामाची प्रमुख ठिकाणे

बायो: गोल्ड व ओमाहा या दोन्ही किनाऱ्यांना जवळ असलेले हे छोटे शहर मुक्कामासाठी सर्वाधिक पसंत केले जाते. ७ जून १९४४ रोजी ते मुक्त झाले. फ्रान्सच्या मुख्य भूमीवर मुक्त झालेले हे पहिले महत्त्वाचे शहर होय. लढाईत त्याची फारशी हानी झाली नाही, त्यामुळे मध्ययुगीन कॅथेड्रल व दगडी घरे आजही उभी आहेत. जुन्या अरुंद गल्ल्यांतून लष्करी वाहने जाईनात, म्हणून ब्रिटिश सैन्याने शहराभोवती वळणरस्ता बांधला. येथील राष्ट्रकुल युद्ध दफनभूमीत ४,००० हून अधिक कबरी आहेत. आरोमांश येथून सुमारे १० किलोमीटरवर असून पॅरिसहून थेट रेल्वेची सोय आहे.

कां: बायोच्या पूर्वेस सुमारे ३० किलोमीटरवर असलेले हे मोठे शहर आहे. बॉम्बहल्ल्यांत व लढाईत शहराचा बहुतांश भाग उद्ध्वस्त झाला. हजारो नागरिकांनी मठ व चर्चच्या आवारात आश्रय घेतला. आजचे शहर प्रामुख्याने युद्धानंतर पुन्हा बांधलेले आहे. येथील ‘मेमोरियल द कां’ हे संग्रहालय १९८८ मध्ये सुरू झाले. हॉटेलांची संख्या, रेल्वे व बससेवा या दृष्टींनी कां सोयीचे आहे. स्वॉर्ड व जुनो हे किनारे आणि बेनूव्हिलचा पेगासस पूल येथून जवळ पडतात. युटा मात्र दूर राहतो.

आरोमांश: या किनारी गावासमोर दोस्त राष्ट्रांनी उभारलेल्या ‘मलबेरी’ या कृत्रिम बंदराचे काँक्रीटचे अवशेष समुद्रात दिसतात. ओहोटीच्या वेळी त्यांपैकी काहींजवळ चालत जाता येते. त्यासाठी ओहोटीच्या वेळा पाळाव्या लागतात, म्हणून गावातच मुक्काम करणे उपयुक्त ठरते. दिवसा गर्दी असली तरी संध्याकाळनंतर गाव शांत होते.

सेंत-मेर-एग्लीझ: युटा किनाऱ्यामागील हे गाव अमेरिकी छत्रीधारी सैनिकांच्या उतरण्याशी निगडित आहे. चर्चच्या मनोऱ्यात छत्री अडकून लटकलेल्या जॉन स्टील या सैनिकाच्या स्मरणार्थ तेथे पुतळा टांगलेला आहे. पश्चिमेकडील रणक्षेत्र सविस्तर पाहू इच्छिणारे येथे किंवा कारांतां येथे राहतात.

निवासाचे प्रकार

हॉटेलांखेरीज ग्रामीण भागात ‘शांब्र दोत’ ही घरगुती निवासपद्धती रूढ आहे. तीत यजमान स्वतःच्या घरातील खोल्या न्याहारीसह भाड्याने देतात. फ्रेंच नियमांनुसार अशा घरात जास्तीत जास्त ५ खोल्या व १५ पाहुणे असू शकतात. ‘जीत’ म्हणजे स्वयंपाकाची सोय असलेले स्वतंत्र घर. ते बहुधा आठवड्याच्या हिशेबाने मिळते व कुटुंबांना परवडते. उन्हाळ्यात तंबू व वाहननिवासाची मैदानेही वापरात असतात. अनेक ठिकाणी प्रौढांकडून प्रतिरात्र स्थानिक पर्यटन कर घेतला जातो. भारतीय पारपत्रधारकांना शेंगेन व्हिसासाठी निवासाचा पुरावा जोडावा लागतो, त्यामुळे त्यांना हा निर्णय आधीच घ्यावा लागतो.

वाहतूक व हंगाम

किनाऱ्यावरील गावांना जोडणाऱ्या बसफेऱ्या मर्यादित असतात. स्वतःचे वाहन नसलेले पर्यटक बहुधा बायो किंवा कां येथे राहून मार्गदर्शकासह निघणाऱ्या एकदिवसीय सहलींत सहभागी होतात. वाहन असल्यास पूर्व व पश्चिम भागांसाठी दोन वेगळे मुक्काम केल्याने रोजची ये-जा वाचते. ६ जूनच्या स्मृतिदिनाच्या आसपास, विशेषतः ८० व्या स्मृतिदिनासारख्या मोठ्या प्रसंगी, खोल्या कित्येक महिने आधीच भरतात व काही रस्ते बंद ठेवले जातात. हिवाळ्यात निवास स्वस्त मिळतो, परंतु काही संग्रहालये बंद असतात व दिवस लहान असतो.

स्मृती आणि पर्यटन

ही स्थळे केवळ प्रेक्षणीय नाहीत. कोलव्हिल-स्युर-मेर येथील अमेरिकी दफनभूमीत ९,३०० हून अधिक, तर ला कांब येथील जर्मन दफनभूमीत २१,००० हून अधिक सैनिक चिरविश्रांती घेत आहेत. स्मृतिदिनी परतणाऱ्या माजी सैनिकांना स्थानिक कुटुंबे आपल्या घरी उतरवून घेत असत. युद्ध प्रत्यक्ष पाहिलेली पिढी आता अस्तंगत होत असल्याने, त्या आठवणी पुढे नेण्याचे काम अधिकाधिक प्रमाणात संग्रहालये, मार्गदर्शक व ग्रामीण यजमानांकडे आले आहे. गर्दीच्या हंगामात लहान गावांवर ताण पडतो. फ्रान्सने २०१४ मध्ये या किनाऱ्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश केला.