मुंबई टाइम आणि प्रकाशाचा काळ

मालवणात बसून काळाबद्दल बोलायचं, तर सुरुवात घड्याळापासून करू. इथे सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात बारा वाजून गेलेले असतात. सरासरी धरली तर ३६ मिनिटं उलटलेली असतात. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, मालवण साधारण ७३.५ अंशांवर. अंशाला चार मिनिटं, म्हणून नवाला ३६.

ही प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. मुंबईला ती मानवली नाही. ३९ मिनिटं मागे असलेला ‘मुंबई टाइम’ त्या शहराने १९५५ पर्यंत चालवला.

याच सुमारास, १९०५ साली, बर्नच्या पेटंट कचेरीत नोकरी करणाऱ्या आइन्स्टाइनने विशेष सापेक्षतेचा निबंध प्रसिद्ध केला. आम्ही वर्गात कित्येक वर्षं या दोन गोष्टी जोडून सांगत असू. मुंबईची वेळ वेगळी, मद्रासची वेगळी, तशी प्रत्येकाची वेगळी, झाली सापेक्षता! आज कबूल करतो, ते उदाहरण चुकीचं होतं.

का चुकीचं? मुंबई टाइम आणि प्रमाणवेळ ही एकाच क्षणाची दोन नावं आहेत. ३९ मिनिटं मिळवली की भांडण मिटलं. दोन तोफा एकदम उडाल्या की नाही, याबद्दल दोन्ही घड्याळांचं एकमतच असतं. आइन्स्टाइनने या एकमतालाच हात घातला.

कल्पना करा, एक अफाट वेगाची, अफाट लांब होडी मालवणच्या जेटीकडून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे निघाली आहे. तिचं मागचं टोक जेटीशी आणि पुढचं किल्ल्याशी आलं, तेव्हा दोन्हीकडे दिवे लागले. मधल्या खडकावर उभ्या असलेल्याला दोन्ही उजेड एकदम दिसले. तो म्हणणार, दिवे एकाच वेळी लागले. होडीच्या मधोमध बसलेला मात्र किल्ल्याकडे सरकतो आहे; त्याला किल्ल्याचा उजेड आधी भेटतो. आता खरी गोम बघा. दोन्ही टोकं त्याच्यापासून सारख्याच अंतरावर आहेत आणि प्रकाशाचा वेग त्यालाही दोन्हीकडून तेवढाच, सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर, मिळतो. म्हणून त्याच्या हिशेबाने किल्ल्याचा दिवा खरोखरच आधी लागला. दोघेही बरोबर. इथे एकच ठरावीक आकडा मिळवून भागत नाही. फरक वेगावर आणि अंतरावर अवलंबून असतो.

हा नुसता तर्क नाही. मुंबईत जन्मलेल्या होमी भाभांनी १९३८ साली दाखवून दिलं, की विश्वकिरणांतले अल्पायुषी कण वेगात असताना उशिरा क्षय पावतील आणि तो सापेक्षतेचा पडताळा ठरेल. १९४१ साली अमेरिकेत रॉसी आणि हॉल यांच्या मोजणीने त्याला दुजोरा दिला. त्या कणांना आज आपण म्युऑन म्हणतो. त्यांचं स्थिर अवस्थेतलं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, तेवढ्यात प्रकाशसुद्धा ६६० मीटरच जातो. तरी सुमारे पंधरा किलोमीटर उंचीवर जन्मलेले म्युऑन या किनाऱ्यावर आत्ताही उतरत आहेत.

तेव्हा ‘आइन्स्टाइन म्हणाला, सगळंच सापेक्ष आहे’ असं कुणी म्हणालं, तर त्याला थांबवा. प्रकाशाचा वेग सर्वांना सारखा आहे. तो अढळ राहतो, म्हणूनच काळाला वाकावं लागतं.