सर्वांत कमी बोलीचं पोर

टाम्पेरेला आमच्या शेजारी राहणाऱ्या आजींची आजी लहानपणी लिलावात गेली होती. लिलाव उलटा असायचा. अनाथ पोरं आणि थकलेले म्हातारे गावासमोर उभे करायचे. त्यांना पोसायला गावाच्या तिजोरीतून जो सर्वांत कमी पैसे मागेल, त्याच्या घरी त्यांची रवानगी. १९२३ साली फिनलंडने कायद्याने हे बंद केलं. जुन्या दप्तरात अशा पोराचं नाव मिळतं, रक्कम मिळते. पण मधे भोक पाडलेल्या राईच्या भाकऱ्या छताखाली काठीवर ओवून ठेवत, मालकाची पोरं हवी तेव्हा काढून घेत आणि हिला कुणी देईल तेव्हाच मिळे, हे फक्त आजींना ठाऊक होतं, तेही आजीच्याच तोंडून ऐकलेलं.

या देशाने असलं ऐकीव धन जपलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. १८३१ साली स्थापन झालेली फिनिश साहित्य संस्था आधी लोकगीतं गोळा करायची. पुढे तिने साध्या माणसांनाच साद घातली: तुमच्या आठवणी लिहून पाठवा. १९१८च्या यादवी युद्धात हरलेल्या 'लाल' बाजूचे हजारो लोक छावण्यांत उपासमारीने आणि रोगाने मेले. कित्येक घरांत त्यावर अवाक्षर निघत नसे. टाम्पेरेच्याच कापडगिरणीत राबलेल्या वैनो लिन्ना यांची कादंबरीत्रयी १९५९ ते १९६२ दरम्यान आली, तेव्हा कोंडी फुटली. साठच्या दशकात संस्थेने १९१८च्या आठवणी मागवल्या आणि लोकांनी भरभरून लिहिलं. म्हातारी माणसं साल चुकतात, मान्य. पण आपल्याला कोणी कसं वागवलं, हे सहसा विसरत नाहीत. सामाजिक इतिहासाला त्याहून मोलाचं काय हवं?

आजींनीही लिहिलं, पण स्वतःबद्दल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुमारे ७०,००० फिनिश मुलं स्वीडनला पाठवली गेली, त्यांत त्या होत्या. गळ्यात नाव-पत्त्याची चिठ्ठी, सोबत धाकटा भाऊ. परतल्या तेव्हा फिनिश पार विसरल्या होत्या, आणि आईला स्वीडिश येत नव्हतं. पहिले काही आठवडे थोरली बहीण हातवारे करून दोघींचं बोलणं जुळवायची. भाऊ तिकडेच दत्तक राहिला. आईने त्याला का ठेवू दिलं, हे आजींनी कधी विचारलं नाही. वहीत त्यांनी भावाचं नाव लिहिलंय, त्याचं स्वीडिश आडनाव लिहिलंय आणि पुढे आईची बाजू लिहायला अर्धं पान कोरं सोडलंय.