करिंथमध्ये एक उपाशी संध्याकाळ

मोबाइल, घड्याळ, चष्मा सगळं इथेच ठेवा. चपलाही काढा. इ.स. 55 च्या आसपासच्या करिंथमध्ये तुम्ही हमाल आहात आणि खांद्यावर तेलाने भरलेला मातीचा बुधला आहे.

लेखायोन बंदरापासून शहर तीनेक किलोमीटर. वाट चढणीची, तळवे भाजतायत. डांबर, मासळी, गाढवांची लीद, सगळ्यांचा मिळून एक दर्प नाकात बसलाय. मागून कोणी ग्रीकमध्ये ओरडतो, पुढून कोणी लॅटिनमध्ये शिवी हासडतो. समोर अक्रोकरिंथचा डोंगर उन्हात उभा.

चौकात शिरलात की मान आपोआप वळायला लागते. कोणाचा झगा किती पांढरा, कोणामागे किती गुलाम, कोणाचं ताट इथल्या प्रसिद्ध कांशाचं. जूलियस सीझरने नव्याने वसवलेल्या या शहरात गुलामगिरीतून सुटलेल्यांचा भरणा होता. त्यांची नातवंडं आता दगडांवर स्वतःची नावं कोरून घेतात. कालपर्यंत तळाशी असलेल्याला शेजारी किती वर चढला याची फार काळजी. तुम्हालाही आहेच. शेजारच्या हमालाला आज एक फेरी जास्त मिळाली, ते बंदरापासून तुमच्या डोक्यात घोळतंय.

सूर्य मावळला. आज आठवड्याचा पहिला दिवस, म्हणजे प्रभुभोजन, ख्रिस्ताच्या अनुयायांचं एकत्र जेवण; तुम्हीही त्यांतलेच. सुट्टी वगैरे नाही हं, रविवार अजून रविवार झालेला नाही. तुम्ही घामेजलेले, उशिरा, एका श्रीमंत बंधूच्या घरी पोचता.

आणि जेवण उरकलेलं असतं.

आतल्या दालनात तीन बाजूंना आसनं, त्यांवर जेमतेम नऊजण आडवे. भाजलेलं मांस, आंबवलेल्या माशांचा रस, द्राक्षारस. एकाची जीभ जड झाली आहे. बाकीचे तुमच्यासारखे अंगणात, दाटीवाटीने, दिव्याच्या तेलकट धुरात. वाट्याला सातूच्या भाकरीची कोर. पोटात आग, आणि नाकाला मात्र आतलं सगळं कळतंय! वर इथे शिकवून गेलेल्या दोघा प्रचारकांवरून गट पडलेले; कोणी कुजबुजतं, मी पौलाचा. दुसरा म्हणतो, मी अपुल्लोसचा. एकीला अन्य भाषा बोलण्याचं वरदान आहे, तिची बसण्याची ऐटच वेगळी. तुम्हाला कसलंच वरदान नाही. ओझी वाहता येतात, बस.

तेवढ्यात कोणी तरी उठतो. पौलाचं पत्र आलंय, इफिसहून. वाचणारा घसा खाकरतो आणि पत्र थेट आतल्या दालनात घुसतं: एक उपाशी, दुसरा झिंगलेला, हे कसलं प्रभुभोजन? आसनांवर चुळबुळ. मला हे आवडतं की समाधानाचा उपदेश आधी उपाश्याला केलेला नाही. आधी भरल्या पोटांना एकमेकांसाठी थांबायला सांगितलंय.

मग पत्र देहाकडे वळतं. पाय हात नाही म्हणून देहाबाहेर पडत नाही. कान डोळा नाही म्हणून परका होत नाही. सगळा देह डोळाच असता तर ऐकलं कशाने असतं? कोणी तरी हसतं. या शहरात सुट्या अवयवांचं नवल नाही. इथल्या अस्क्लेपियस देवाला जुन्या पिढ्यांनी वाहिलेले मातीचे हात, पाय, कान, डोळे जमिनीत पुरलेले आहेत. पुढे उत्खननात सापडून ते संग्रहालयात जातील. वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे हातपाय वाहणाऱ्यांना ते पाहून मुळीच परकं वाटणार नाही. पौल मात्र ते सगळे सुटे तुकडे एका जिवंत देहात जोडतो, ख्रिस्ताच्या. आणि म्हणतो, जे अवयव दुबळे वाटतात त्यांच्यावाचून तर चालतच नाही.

तुम्ही आपल्या पायांकडे पाहता. भेगा, धूळ, अंगठ्याला ठेच. आज वाट याच पायांनी तुडवली. गंमत म्हणजे इतका वेळ आत कोण काय खातंय हे बघायचं तुम्ही विसरलात. ती वरदानवाली बाईही नुसती बाई दिसते, दमलेली, तुमच्याइतकीच. भूक तेवढी आहे तशीच आहे.

आतून एक गुलाम अर्धी परात घेऊन येतो. मांस गार झालंय. घ्या, लाजू नका, आणि शेजारच्या म्हाताऱ्याकडे सरकवा.

दरम्यान आत पुन्हा वादावादी सुरू झाली आहे, पत्रातला तो टोमणा नेमका कोणाला होता यावरून. ती इतक्यात मिटायची नाही; चाळीसेक वर्षांनी रोमच्या ख्रिस्ती मंडळीला याच करिंथकरांना भांडणं थांबवा म्हणून लांबलचक पत्र लिहावं लागेल.