एरो सारिनेन : सेंट लुईसच्या कमानीचे वास्तुकार

सेंट लुईसची कमान आपल्यापैकी बऱ्याच मंडळींनी पाहिली असेल, पाच जणांच्या त्या चिमुकल्या डब्यात दाटीवाटीने बसून वरही गेला असाल. तिचा आराखडा फिनलंडमध्ये जन्मलेल्या एरो सारिनेन यांचा.

एरो यांचा जन्म २० ऑगस्ट १९१० चा. वडील एलिएल हे तिथले नामवंत वास्तुकार. हेलसिंकीचे रेल्वे स्थानक त्यांचेच. आई लोया शिल्पकार. १९२२ मध्ये शिकागो ट्रिब्यूनच्या इमारतीच्या स्पर्धेत एलिएल दुसरे आले आणि पुढच्याच वर्षी कुटुंब अमेरिकेत आले. एरो तेव्हा बारा वर्षांचे होते. १९३४ मध्ये येलची पदवी मिळाली, पण पुढे बरीच वर्षे ते वडिलांच्या सावलीतच राहिले. १९४७ मध्ये सेंट लुईसच्या स्पर्धेत दोघांनी वेगवेगळे आराखडे पाठवले. अंतिम फेरीसाठी निवड झाल्याची तार आली ती चुकून वडिलांच्या नावे! घरात जल्लोषही झाला. निवड मुलाची आहे, हे नंतर कळले.

कमानीमागचे गणित मोठे सुंदर आहे. साखळीची दोन टोके धरून ती सैल सोडली की जो झोल पडतो, तो उलटा करा. साखळीत फक्त ताण असतो, तसा उलट्या आकारात फक्त दाब राहतो. सारिनेन यांनी कमान खाली जाड, वर निमुळती ठेवली, त्यामुळे आकार थोडा बदलला. उंची ६३० फूट आणि पायथ्याची रुंदीही तेवढीच! वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाचे छप्पर मात्र सुलट झोलाचे, कलत्या खांबांमध्ये पोलादी तारांवर टांगलेले.

ट्युलिप खुर्ची, न्यू जर्सीत होल्मडेलची बेल लॅब्जची इमारत, न्यूयॉर्कचे टीडब्ल्यूए टर्मिनल ही कामेही त्यांचीच. एकासारखे दुसरे नाही, म्हणून समीक्षक नाके मुरडत. मला तर तेच त्यांचे बळ वाटते.

१ सप्टेंबर १९६१ रोजी मेंदूतील गाठीमुळे ते गेले. वय अवघे ५१. टीडब्ल्यूए आणि डलेस १९६२ मध्ये सुरू झाले. कमानीचा शेवटचा तुकडा २८ ऑक्टोबर १९६५ ला बसला. अपुरी कामे केविन रोश आणि जॉन डिंकेलू या सहकाऱ्यांनी पूर्ण केली. टीडब्ल्यूए टर्मिनल २००१ मध्ये बंद पडले, पण २०१९ पासून तिथे हॉटेल आहे. जेएफकेवर कोणाला आणायला गेलात आणि विमानाला उशीर असला, तर जरूर डोकावून या.