सभा उधळणारे आणि प्रश्न विचारणारे

मंडळी, ५ ऑगस्ट २०२४ आठवतोय? राज ठाकरे आपल्या धाराशिवात ज्या हॉटेलात उतरले होते, तिथं मराठा आंदोलक घोषणा देत पोचले. आरक्षणावरच्या वक्तव्याचा जाब हवा होता. चार दिवसांनी बीडमध्ये त्यांच्या ताफ्यावर सुपाऱ्या पडल्या, नि दुसऱ्या दिवशी ठाण्यात उद्धव ठाकरेंच्या ताफ्यावर नारळ. तेव्हा जो तो विचारत होता, पोलीस झोपले होते का? मला वाटतं, पोलिसांनी नेमकं करायचं काय, हे आधी विचारावं.

आपल्या भागात याचं एक जुनं उत्तर होतं. निजामाच्या राज्यात गश्ती निशाण ५३ म्हणजे सभेला आधी सरकारची परवानगी. गडबड नको, म्हणून सभाच नको! १९३८ मध्ये महाराष्ट्र परिषदेचं दुसरं अधिवेशन लातूरला झालं (लातूर तेव्हा आपल्याच जिल्ह्यात, वेगळं झालं १९८२ ला). त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली, तीही स्थापन व्हायच्या आधीच.

स्वतंत्र भारतानं हे उलटं केलं. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२७. सभेचं काम बंद पाडण्यासाठी गोंधळ घालणं किंवा दुसऱ्याला घालायला लावणं हा दखलपात्र गुन्हा. सहा महिने कैद, दोन हजार दंड किंवा दोन्ही. संशयिताकडं सभेच्या अध्यक्षानं बोट दाखवायचं, पोलिसानं नाव-पत्ता विचारायचा. म्हणजे आधी सभा राखायची, मग उधळणारा हुडकायचा. नुसता प्रश्न विचारणारा यात बसतच नाही, हेतू सभा मोडण्याचा हवा. अडचण एकच, राजकीय सभेला हे कलम लागतं ते निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून मतदानापर्यंतच. ऑगस्टात ते नव्हतंच.

मग उरतं काय? जमावबंदी नि नोटिसा. काही वर्षांपूर्वी एका पुढाऱ्याच्या सभेत आम्ही चौघं पीकविम्याचं विचारणार होतो. आदल्या दिवशी १४९ ची नोटीस आली, सभेदिवशी सकाळीच ठाण्यात बोलावलं नि सभा संपेस्तोवर बसवून ठेवलं. चहा पाजला, खोटं कशाला बोलू. तिकडं सभेत गाडी भरून आलेल्या पोरांनी खुर्च्या फेकल्या. त्यांना नोटीस नव्हती, कारण त्यांची नावं कुणाकडंच नव्हती. आमची होती. आम्ही सहीनिशी निवेदन दिलं होतं ना!