कवायतीचे मोल

पलटणीत नव्याने भरती झालेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे पत्र आले, ‘‘गुरुजी, पायांस फोड आले, घरी यावेसे वाटते.’’ आम्ही त्यास मराठा पलटणीतील नाईक यशवंत घाडगे यांची हकीकत लिहून धाडिली. १० जुलै १९४४ रोजी इटलीत तुकडीतील सारे सोबती ठार वा जखमी झाले असता, माणगावकडील हा वीर एकटाच मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेला. गोळ्या संपताच बंदूक नळीस धरून लढला व धारातीर्थी पडला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस लाभला. अशा क्षणी विचारास अवसर नसतो. रोजच्या कंटाळवाण्या कवायतीने अंगी मुरलेले वळणच कामी येते. शेवटी लिहिले, ‘‘केवळ आजचा दिवस पुरा कर.’’ तो टिकला. ज्ञातिबांधवहो, छावणीतील मुलास ‘परत ये’ असे लिहू नका.